मशीनला घातलेला शर्ट

शिवणवालीच्या स्वयंपाकघरात नवं माणूस आलं की दचकायचंच. ओट्याच्या वर, खिडकीशेजारी, जुन्या कपाटाचं दार भिंतीला आडवं ठोकलेलं. त्याच्यावर नळ्या, पांढरे डबे, एक घुरघुरणारा पंप आणि दोन गोल घड्याळं. वेळेची नव्हेत हं, पाण्याचा दाब दाखवणारी. शेजारीण पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अगं बाई, हे स्वयंपाकघर आहे का दवाखाना? मला वाटलं कुणाला सलाईन लावलंय."

"पाण्यालाच लावलंय," शिवणवालीचा नवरा म्हणाला. "त्याचीच तब्येत बरी नसते."

तो जळलेल्या मोटारी भरायचा. बंद पडलेली मोटार आणून टाका, नवी तार गुंडाळून परत फिरती करून देणार. आणि त्यांच्या भागातलं पाणी इतकं खारं, की साबणाला फेस येईना, अन् चहा प्यावा तर वाटायचं कुणीतरी कपात रडून गेलंय. पाणी गोडं करायचं दुकानातलं तयार मशीन त्याला पटेना. "आत काय आहे ते दाखवत नाहीत, मग घ्यायचं कशाला?" म्हणून सुटे भाग गोळा करून त्यानं घरीच सगळं मांडलं. पहिल्या दिवशी ओट्यावर नुसता पूर. शिवणवाली हातातलं शिवण टाकून पोतेरं पिळत बसली, तोंडाचा पट्टा चालूच. पण पहिला पेला भरला, तो दोघांनी अर्धा अर्धा प्याला.

"अहो, याला काही चवच नाही!"

"तेच तर!" असा खूश झाला, की काय सांगू.

त्या मशीनमधला पहिला डबा गाळ अडवायचा. आत धाग्याची एक कॅन्डल असायची, ती भराभर माखायची. एक दिवस तो म्हणाला, "अगं, हिला वरून एक मोजा शिवून दे."

ती टेप घेऊन आली, माप घेतलं. "अहो, हिला कंबरच नाही. शिवू कसा?"

"शीव की तुझ्यासारखा सरळसोट. पण मलमलीचाच हं, एकपदरी. जाड नको. गाळ अडव, पाणी अडवू नकोस. पुढच्या डब्यात तो खार अडवणारा पडदा आहे ना, त्याच्यातून पाणी आपणहून जात नाही, रेटावं लागतं. मागून जोरच नाही आला तर तो बिचारा काय देणार?"

एक घड्याळ त्या डब्याच्या आधी होतं, एक नंतर. त्यावरून तर तो तिची थट्टाच करायचा. "हे दोन काटे म्हणजे आपण दोघं. जोडीनं असले की समजायचं घर ठीक चाललंय. दुसरा ढेपाळला की मधे काहीतरी अडलंय."

"दुसरा म्हणजे मी का?"

"छे! दुसरा मीच. तू कधी राहिलीस माझ्या मागं?"

मग तो गेला. असाच, काम करता करता. कपडे देऊन टाकले सगळे, पण निळ्या रेघांचा एक शर्ट तिच्यानं देववेना. घालणार कोण? नि नुसता ठेवून तरी काय करायचा? मशीनचा मोजा विरला तेव्हा तिनं तो शर्ट कात्रीखाली घेतला. जाड कापड, तेही दुपदरी केलं. मजबूत होईल, पाणी आणखी स्वच्छ येईल, असं तिचं गणित. मनात मात्र वेगळंच, की त्यांचा शर्ट त्यांच्याच मशीनच्या अंगावर राहील. कुणाला बोलली नाही, लाज वाटली. पंप घुरघुरायला लागला की ती शिवत बसायची, आणि घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

हळूहळू पाणी बारीक झालं. सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखं गळायचं. पंप धापा टाकायचा, चालू व्हायचा, बंद पडायचा, पुन्हा चालू. लेक दुसरीकडे राहायचा, त्यानं येऊन पडदा बदलून पाहिला, पंपही उघडून पाहिला. काही उपयोग नाही.

"आई, म्हातारं झालंय ते. रविवारी नवीन बसवायला माणूस येतोय. जुनं तोच घेऊन जाईल."

"घेऊन जाईल? कुठं?"

"भंगारात, आणखी कुठं!"

ती शिवणयंत्रावर बसली आणि हातातल्या कापडाची सरळ शिवण वाकडी केली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

रविवारी लेक-सून दोघं आली. सून चहाचं पातेलं नळाखाली धरून उभी, पाणी काही भरेना. उभ्या उभ्या वर बघत म्हणाली, "आई, यातलं एक घड्याळ बिघडलंय का हो? याचा काटा ताठ उभा आहे आणि तो बघा कसा आडवा पडलाय."

शिवणवालीनं मान वर केली. कितीतरी दिवसांत तिनं तिकडं पाहिलंच नव्हतं. बघायला सांगणारा नव्हता ना.

"बिघडलं नाही गं," ती म्हणाली. "मधे अडलंय." आणि काय अडलंय तेही तिला कळलं. "नळ बंद कर रे. तो पहिला डबा उघड."

"आई, माणूस निघालाय तिकडून."

"येऊ दे. चहा पाजू त्याला."

लेकानं डबा फिरवून काढला. आतून निघालं ते तपकिरी, बुळबुळीत, घट्ट बसलेलं. त्यानं अंगठ्यानं जरा गाळ पुसला, तर खाली शर्टाची काजं. एकाखाली एक.

"आई... हा बाबांचा शर्ट?"

"मोजा आहे," ती म्हणाली. "जरा जाड झाला."

लेक हसायला लागला, आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसले. "बाबांचा जीव गुदमरवलास की गं!"

"एकपदरी शीव म्हणाले होते. आयुष्यात कधी ऐकलं का मी त्यांचं?"

तो मोजा ओल्या कॅन्डलवरून सहजी निघेना. तिनं शिवण उसवायची सुरी घेतली आणि स्वतःच्या हातानं टाका टाका उसवला. कॅन्डल तशीच, उघडी परत बसवली, डबा लावला, नळ सोडला. पंप आधी घुटमळला, मग एकसारखा घुरघुरायला लागला. दुसरा काटा उठला, उठत उठत पहिल्याच्या जवळ आला. सुनेचं पातेलं भरलं.

माणूस आला, पेलाभर पाणी प्याला, चहा प्याला आणि म्हणाला, "मग मला बोलावलं कशाला?"

"पाणी प्यायला," शिवणवाली म्हणाली.

शर्ट तिनं पुष्कळ धुतला. डाग काही निघाले नाहीत, पण आतल्या पदराच्या निळ्या रेघा अजून दिसतात. घडी करून कपाटात ठेवलाय. मशीनला आता तिच्या जुन्या मलमली ओढणीचा मोजा आहे, एकपदरी. रोज चहाआधी ती दोन्ही काट्यांकडे बघते. दुसरा जरा मागं पडलेला दिसला की पातेलं खाली ठेवून उठते.

"आले हो, आले," म्हणते, आणि नळ बंद करते.