थूमावशीचं रान

अत्तराचा वास आला की थूमावशी थुंकायची. समोर लग्नाचा मांडव असो, देवाची पालखी असो, नाहीतर परभणीहून दौऱ्यावर आलेला तहसीलदार असो. मान वळवून, डाव्या खांद्यावरून, एकदाच. तिचं खरं नाव भिवरा, पण त्या नावानं गावात कोणी तिला हाक मारल्याचं मला आठवत नाही.

पिंगळीच्या स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभरावर आमचं गाव. राज्य निजामाचं, आणि गावापुरते निजाम आमचे दादा. दादा म्हणजे माझे वडील, गावचे देशमुख. रोज अंघोळ झाली की आधी वाळ्याच्या अत्तराचा फाया कानात आणि मग पूजा. फाया सापडला नाही तर देव ताटकळत बसायचे. हे अत्तर यायचं कुठून? आमच्याच नदीवरून. काठच्या दरडीवर वाळ्याच्या गवताची बेटं माजलेली असत आणि सुगंध सगळा त्याच्या मुळ्यांत. उन्हाळ्यात हैदराबादचा एक अत्तरवाला पिंगळीला उतरायचा, दादा वेठीचा हुकूम सोडायचे, आणि अर्धं गाव भर उन्हात फुकट मुळ्या खणायला जायचं. मुळ्या अत्तरवाल्याला, शिश्या दादांना. खणणाऱ्यांच्या वाट्याला हाताचे फोड.

थूमावशी जातीची धनगर. नवरा लवकर गेला. मागं राहिलं ते दरडीच्या डोक्यावरचं रानाचा एक तुकडा, त्यातच मेंढ्यांचं वाडगं, आणि मेंढ्या. दादांनी तिचं थुंकणं खपवून घेतलं याचं कारण दादांचं मन मोठं होतं असं कोणी समजू नये. तिच्या मेंढ्या आमच्या शेतात बसायच्या आणि त्यांच्या लेंड्यांवर आमची ज्वारी डोक्याएवढी व्हायची.

तिचं नाक मात्र दादांच्या नाकापेक्षा शंभरपट खानदानी. कळपातली कोकरं एकमेकांत मिसळली की ती एकेकाचं डोकं हुंगायची आणि ज्याचं त्याच्या आईखाली नेऊन सोडायची. कधी चुकली नाही. मी तिच्या मागंमागं दरडीवर हिंडायचे. "तुला कसं कळतं गं?" असं मी विचारलं तर म्हणायची, "वास खोटं बोलत न्हाई ताई. मान्सं बोलत्यात."

दादा सोवळ्याचे कडक. अत्तरवाल्याला ते दरसाल न चुकता विचारायचे, "यात जनावराचं काही नाही ना? कस्तुरी, चरबी वगैरे?" तो कानाला हात लावून कसम खायचा आणि दादांचा जीव भांड्यात पडायचा. एकदा थूमावशी ओसरीखाली उभी होती. ती म्हणाली, "जनावराचं काय न्हाई मालक. मान्साचंच हाय. ते चालतंय तुमाला." आणि थुंकली. दादांनी ऐकलंच नाही. सोयीचं तेवढंच ऐकू येण्याचा रोग मोठ्या घरांत वंशपरंपरेनं असतो.

माझं लग्न चारठाण्याच्या बाजूला ठरलं. सासरचे लोक अत्तराचे शौकीन. झालं, दादांनी पण केला: झाडून सगळ्या वऱ्हाड्यांच्या हाताला अस्सल वाळा लागलाच पाहिजे. पण बाकीची बेटं आधीच खणून झालेली. उरलं होतं फक्त थूमावशीच्या रानाखालचं. त्या दिवशी तिनं जन्मात पहिल्यांदा दादांपुढं हात जोडले.

"मालक, येवढं बेट सोडा. त्या मुळ्यांनी दरड धरून ठिवली हाय. उपटल्या तर माजं रान नदीत जाईल."

"अगं, गवत ते! गवतानं कुठं जमीन धरलीय?" ज्यांच्या पायाला उभ्या आयुष्यात चिखल लागला नव्हता ते दादा म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती दरड माझ्या पायाखालची होती, ती खरं सांगतेय हे मला ठाऊक होतं. लग्न ठरलेल्या लेकीचा शब्द दादांनी मोडला नसता. मी बांगड्यांशी चाळा करत बसले आणि ते बेट खणलं गेलं. मला ते अत्तर हवं होतं. सासरी माझं नाक वर राहायला हवं होतं. दादांना मी एवढी नावं ठेवते आहे, पण त्या दिवशी ओसरीवर त्यांची मुलगी शोभले ती मीच.

लग्नाला थूमावशी आली. स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी माझ्यासाठी घेऊन आली. माझा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "कुठला गं ह्यो वास?"

"हैदराबादचा," मी म्हणाले.

कोकराचं डोकं हुंगावं तसा तिनं माझा हात हुंगला. थुंकली नाही. "लय लांबून आला म्हनायचा," एवढंच म्हणाली आणि गेली. तमाशा टळला म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

भाद्रपदात नदीला पूर आला आणि दरड बसली. रान गेलं, वाडगं गेलं, निम्म्या मेंढ्या गेल्या. दादांनी पत्रात लिहिलं, "नदी काय कोणाचं ऐकते?" त्या पत्रालाही अत्तर लावलेलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात थूमावशी उरलेल्या मेंढ्या चारत चारत माझ्या सासरी आली. अंगणात बसून भाकरी खाल्ली, पाणी प्याली. पुराचं नाव काढलं नाही. उठताना म्हणाली, "लग्नातल्या अत्तराची ती शिशी हाय का गं, ताई?"

मी आणून दिली. ती शिशी फोडील असं वाटलं. खरं तर तिनं माझ्या तोंडावर थुंकावं असंच मला वाटत होतं. तिनं बूच काढलं, डोळे मिटले आणि हुंगत राहिली. मेंढ्या पुढं निघून गेल्या तरी तिला भान नव्हतं. मग तिनं बूच घट्ट लावलं आणि शिशी परत माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा ना मावशी," मी म्हणाले.

"मी कुठं ठिवू? आज हितं, उद्या तितं. राहू दे तुज्यापाशी. माजं रान हाय ते. सांडू नको."

त्यानंतर ती भेटली नाही. शिशी अजून माझ्या पेटीत आहे. त्या दिवसापासून त्यातला थेंबही मी वापरला नाही, पण त्यात माझा मोठेपणा काही नाही. बूच उघडलं की थुंकावंसं वाटतं, आणि कोणावर, ते मला ठाऊक आहे.