सुमनच्या खुर्चीमागे

लासूर स्टेशनच्या फलाटावरच्या बाकड्यावर एकीपुरतीच जागा होती. तिथं माझी धाकटी जाऊ सुमन बसली, कारण तिचा पाय दुखत होता. माझाही दुखत होता. पण तिचा पाय साऱ्या घराला ठाऊक, माझा मला एकटीला.

दोघींचं दुखणं एकच. उभं राहिलं किंवा चाललं, की कंबरेपासून पोटरीपर्यंत पाय भरून येतो. बसलं, वाकलं की दुखायचा थांबतो. मी एकदा घरी बोलले होते. मालक म्हणाले, "दिवसभर खुरपताना दुखत नाय, अन् देवळात जाताना बरं दुखतं!" सगळे हसले. खुरपताना (पिकातलं गवत काढताना) खरंच दुखत नव्हतं. मला वाटलं, आपलंच मन खोटं. गप्प बसले. सुमन मात्र रडली, शहरात नोकरीला असलेल्या मुलाला, प्रकाशला, फोन लावला आणि तिचं ऑपरेशन ठरलं. मी सोबतीला.

गाडीत खिडकी तिलाच. दौलताबाद आलं तशी म्हणाली, "अक्का, किल्ला बघा की." मी बघितला नाही.

प्रकाश रिक्षानं आम्हाला गारखेड्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. लांबलचक बोळ, पाय घसरेल अशी फरशी. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मणक्यात नसांची वाट अरुंद झालीय. लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून दाबणारा भाग काढायचा. मग विचारलं, "वाकल्यावर बरं वाटतं ना? वाकलं की दबलेल्या नसांना जागा मिळते."

"व्हय डॉक्टर, लई बरं वाटतं," सुमन म्हणाली.

ते उत्तर माझं होतं. ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती उठून खिडकीपर्यंत सरळ चालत गेली. पाठीला एवढीशी पट्टी. "अक्का, पाय कसा हलका झाला वो!" मी हसले आणि आतून जळले. डब्यातला ठेचा तिला दिलाच नाही. पथ्य आहे, असं मीच म्हणाले. डॉक्टरांनी तसलं काही सांगितलं नव्हतं.

निघताना तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी मागून वाकून ढकलत निघाले. सगळा बोळ संपला तरी माझ्या पायानं हूं की चूं केलं नाही. दाराशी डॉक्टर भेटले. पिशवी खोलीत राहिली होती, म्हणून मी मोकळ्या हातानं परत फिरले. अर्ध्या वाटेत भिंत धरून बाकड्यावर बसावं लागलं.

"अक्का, खुर्चीमागं तर पळत होत्या, आता काय झालं?" सुमन लांबून ओरडली.

"चप्पल लागली."

"थापा नका मारू! डॉक्टर, ह्यांचंबी तेच हाय. दोन वर्षं बघते मी."

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "मग बोलली का नाय?"

"तुम्ही थोरल्या. तुम्हीच बोलंनात, मी कशी बोलू?" मग मान खाली घालून म्हणाली, "अन् तुमचा नंबर आधी लागला असता, तर माझा कधी लागला असता?"

मला राग यायला हवा होता. हसू आलं. म्हणजे जळणारी मी एकटीच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, आधी फोटो काढू, गोळ्या-व्यायाम करून बघू. प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. पण घरच्यांना सांगून या.

येताना सुमननं खिडकी मला दिली. किल्ला या वेळी डोळे भरून बघितला.

घरी मालकांनी विचारलं, "सुमन कशीय?"

"बरीय. माझा पाय दुखतो."

"खुरपताना?"

"खुरपताना नाही. उभं राहिल्यावर."

सुमन दारात कंबरेवर हात ठेवून ताठ उभी होती. तिचा हेवा अजून गेलेला नाही. पण हे बोलताना मीही बसले नाही. पाय भरून आला, तरी मालक "कधी जायचं?" म्हणेपर्यंत उभी राहिले.