बांधीचा चिखल, प्रताप नगरात

पोळा झाला आणि आम्ही रामटेकजवळचं गाव सोडलं. निघायच्या सकाळी शेवंता, माझी बायको, आणि मी आमच्या धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या वावरात, उतरलो आणि हातांनी चिखल उपसून सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत भरला. आमच्याकडे रीतच आहे. गाव सोडणारा आपल्या बांधीचा चिखल नेतो आणि नव्या घरी त्यात तुळस लावतो. टेम्पोवाला कुरकुरला, शेवंतानं त्याला गप्प केलं.

संध्याकाळी शहरात, प्रताप नगरातल्या मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत टबात चिखल ओतला, तणस, धानाचा पेंढा, घातली आणि दोघांनी अनवाणी तुडवला. मी हळू तुडवत होतो.

"अवो, पाय उचला जरासे," ती म्हणे. "साहेब होते का तुम्ही आजपर्यंत?"

"तूच तुडव वं. तुलेच पाहिजे तुळस."

तिच्या टाचांना भेगा होत्या. चिखल लागला की झोंबायच्या, आणि ती हसायची. त्यानंतर आम्ही सोबत केलं ते सगळं दवाखान्यातलं.

तिला शुगर होती, म्हणूनच आलो होतो. मुलगा हिंगण्याला कारखान्यात जातो. तो म्हणाला, आईला दवाखान्याजवळ ठेवू. शेत पुतण्याला, रामेश्वरला, करायला दिलं.

त्या चिखलाचा ओटा थापून तुळस लावली आणि थोड्याच दिवसांत तिला ताप चढला. टायफॉइड म्हणाले, मग टीबी म्हणाले. औषधं त्या रोगांची, आणि पोटात मात्र पू होत होता. यकृतात पू, पाणथरीत पू. मांडीवर गळू आलं, ते कापलं तर आत माझी बोटं जातील एवढं भोक. पट्टी बदलताना ती गुरासारखी ओरडायची. शेजारच्या खाटेवरची बाई कानावर उशी दाबायची. मी तिचे हात धरून ठेवायचो, कारण नर्स म्हणे धरा, आणि ती मला शिव्या द्यायची. "सोड, मेल्या," म्हणायची. साऱ्या संसारात तिनं मला मेल्या म्हटलं नव्हतं. दिवाळीच्या आत गेली.

तेरवीनंतर एक मॅडम घरी आल्या, मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या. म्हणाल्या, उशिरा कळलं, पण कळलं. रोगाचं नाव मेलिऑइडोसिस. त्याचा जंतू धानाच्या चिखलात राहतो. तिथं तो कोणाचा वैरी नाही, कुजकं खाऊन पडून असतो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही करत नाही. पण अंगात शुगर असली, चामडीला भेग असली, की शिरतो.

"काका, काकू चिखलात कुठं गेल्या होत्या का?"

मी आतून लोखंडी सब्बल आणली आणि तुळशीचा ओटा फोडला. ढेकळं कुटली. संडासाचं अ‍ॅसिड ओतलं, फेस आला, धूर आला, तरी कुटत राहिलो. सून लेकराला घेऊन आत पळाली आणि तिनं दार लावलं. मॅडमनं सब्बल धरली, "धूळ नाकात जाईल काका, तुम्ही पण जाल."

"जाऊ द्या ना मग," मी म्हणालो.

माझ्याही पायाला तोच चिखल लागला होता. मला साधी खाजही सुटली नाही. याचा राग कोणावर काढायचा?

पुढं एकदा मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो, कारण मला तो जंतू बघायचा होता. काचेच्या अलीकडूनच दाखवला. बशीत त्याचं लाल खाणं, त्यात मेंढीचं रक्त घालतात, आणि त्यावर सुरकुतलेल्या पापडासारखे ठिपके. शेवंताच्या मांडीतून काढलेला तो हाच. तिला मी जाळून आलो, आणि हा रक्त खाऊन गुबगुबीत. मी काचेवर मूठ मारली. काच जाड होती, हातच सुजला.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हा जंतू एन्झाइम सोडतो, ती त्याची कात्री समजा. त्याच कात्रीनं तो मातीतलं कुजकं तोडतो आणि त्याच कात्रीनं माणसाचं मांस. ती कशी चालते ते आम्ही शोधतोय, म्हणजे तिला अडवायचं औषध करता येईल.

"औषध कायले? मारून टाका त्याले. जाळा."

"इथला जाळतोच, काका. काम झालं की सगळं मारूनच बाहेर काढतो. पण शेतातला कसा जाळाल? नुसत्या पाण्यातही तो वर्षानुवर्षं जगतो. शुगरवाल्यांना सांगा, जखम असली तर चिखलात उतरू नका. उतरायचंच तर गमबूट घाला."

गावात राहिलेल्यांनो, तेवढं सांगायलाच मी रोवण्याच्या वेळी, धानाच्या लावणीला, आलो होतो. तुम्ही म्हणता म्हातारा भांडायला आला. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुमच्याही गॅलरीत बांधीची माती असेल. शुगर असलेलीचे हात त्यात जाऊ देऊ नका.

रामेश्वरच्या घरी पोचलो तर त्याची बायको वच्छला टाचेवर हळद बांधत होती. विळा लागलेला, जखम उघडी. तिलाही शुगर. दुसऱ्या दिवशी रोवणा, बांधी पाण्यानं भरलेली. मी सगळं सांगितलं. गमबूट पुढं ठेवले.

रामेश्वर हसला. "बूट घालून रोवणा? फसून बसन ना ते चिखलात. सारं गाव हासन, काकाजी."

"मंग इले उद्या ठेव ना घरी. जखम भरू दे."

"रोवणाऱ्या बाया कमी पडून राहिल्या अन् इले घरी ठेवू? काकी गेली म्हणून मातीले वैरीण काहून करता?"

वच्छला म्हणाली, "मले नाही होत काही, काकाजी. लहानपणापासून चिखलातच आहो."

शेवंताही हेच म्हणाली असती. मी ताट सरकवलं आणि न जेवता ओसरीवर पडलो.

सकाळी बाया यायच्या आधी मी फावडं घेऊन बांधीवर गेलो आणि नाल्याकडचा बांध फोडला. एका जागी नाही, जिथं हात पोचला तिथं. पाणी धावत नाल्यात गेलं. नहराच्या, कालव्याच्या पाण्याची पुढची पाळी येईस्तोवर आता रोवणा होणार नव्हता, आणि तोवर टाच भरली असती. रामेश्वर शिव्या देत आला, फावडं हिसकलं, दांडा माझ्या खांद्यावर हाणला. मी चिखलात पडलो. त्यानं मला बाहेर ओढलं आणि म्हणाला, या गावात पुन्हा पाय ठेवू नका. मी हो म्हटलं. गाव माझं होतं तेव्हा तिथं माझी बांधी होती, माझी माणसं होती. आता तिथं वच्छला जिवंत राहावी, एवढंच माझं. ती बांधावर उभी राहून रडत होती, मला शिव्या देत होती. मी तिचे पाय पाहिले. कोरडे होते. रामेश्वरनं फावडं खाली टाकलं होतं, ते मी उचललं आणि उरलेला बांध फोडायला लागलो.