जपानची वेळ

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात गेटवर एक गृहस्थ हजेरी घेत. मेव्हण्याने जपानहून आणलेलं, उन्हावर चालणारं घड्याळ ते शर्टाच्या बाहीवरून बांधत. जपानहून रेडिओने रोज त्याला बरोबर वेळ कळते, असं ते सांगत. त्या वेळेने उशीर झाला की लाल खूण; तीन खुणांना अर्धी रजा कापली जाई.

"साहेब, गेटच्या घड्याळात आत्ता आठ वाजतायत," पॅकिंगच्या कांबळेबाई म्हणाल्या.

"ते जुनं आहे बाई. हे जपानला विचारून चालतं."

"मग माझी अर्धी रजा जपान भरून देणार का?"

तीन महिन्यांनी मेव्हणा पुन्हा आला. "दाजी, तो सिग्नल इथे पोचतच नाही," तो म्हणाला. मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिलं, तर घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन मिनिटांतल्या सगळ्या लाल खुणा सही करून रद्द केल्या. बाईंची रजा परत मिळाली.

शनिवारी साडेपाचला सुट्टीचा भोंगा होऊन सगळे निघाले, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत.

"साहेब, घरी नाही जायचं?" बाईंनी विचारलं.

"आठ वाजता जाईन. तीन महिने मी ह्याच घड्याळाने रोज दोन मिनिटं लवकर जात होतो."