लेकराच्या ताटाकडे न बघणाऱ्या बाई

डॉ. कुमुदिनी वाघीकर यांना परभणीत कुणी डॉक्टर म्हणत नाही. रिक्षावाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ‘बाई’. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असा संपादकांचा निरोप आला आणि मला आधी आठवला तो दोडका.

बालरोगाचं शिक्षण संपवून मी बाईंच्या दवाखान्यात रुजू झालो. पहिल्याच दुपारी बाई मला वरच्या मजल्यावर घरी जेवायला घेऊन गेल्या. नर्स, कंपाउंडर, बाई, सगळे एकाच पंगतीला. ताटात दोडक्याची भाजी होती आणि दोडका मी जन्मात खाल्ला नव्हता. आईनं त्यासाठी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, मामाच्या मुलाचे गोडवे गाऊन पाहिले, पण मी काही बधलो नव्हतो. बाईंनी विचारलंच तर पोट बिघडल्याचं सांगायचं असं मी मनाशी ठरवून ठेवलं. बाईंनी विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोडका आला, चमचाभरच. पुन्हा मी तो ताटाच्या कडेला सारला, पुन्हा कुणी काही बोललं नाही. असे कित्येक आठवडे गेले. एक दिवस एका तापाच्या बाळावरून आमचा वाद रंगला होता आणि बोलता बोलता मी खाली पाहिलं, तर ताटातला दोडका संपलेला. खाल्ला मीच होता. मी चोरून बाईंकडे पाहिलं, त्या शेंगदाण्याची चटणी वाढून घेत होत्या. या गोष्टीचा उच्चार बाईंनी आजतागायत केलेला नाही. एवढा संयम माणसात कुठून येतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

आमच्याकडे दवाखान्यात येणारी दर दुसरी आई एकच तक्रार घेऊन येते. ‘लेकरू काहीच खायना, भुकेचं टॉनिक लिहून द्या.’ बाई आधी लेकराला नीट तपासतात. वजन, उंची, पापण्या, घसा, पोट. गिळताना त्रास होतो का, वजन उतरतंय का, हे खोदून खोदून विचारतात आणि तसं काही आढळलं तर लगेच उपचाराला लागतात. तिथं त्यांचा संयम वगैरे काही नसतो. पण लेकरू खेळतंय, वाढतंय असं दिसलं की बाई पेन खाली ठेवतात आणि विचारतात, “सकाळपासून तोंडात काय काय गेलं, ते सांगा.”

मानवतचे एक आडत व्यापारी नातवाला घेऊन आले होते. नातू काहीच खात नाही म्हणून आजोबांचा जीव टांगणीला लागलेला. बाईंच्या प्रश्नावर ते आठवून आठवून सांगू लागले. उठल्याबरोबर चहात बुडवून बिस्किटं, मग पेलाभर दूध, बाजारातून आणलेला चिवडा, रडला म्हणून वेफर्सचा पुडा, जेवला नाही म्हणून पुन्हा दूध. सांगता सांगता आजोबांचा आवाज बारीक झाला आणि शेवटी ते स्वतःच हसायला लागले. बाईही हसल्या. त्यांच्या दवाखान्यातून कुणी अपमान घेऊन परत गेल्याचं मी पाहिलं नाही.

अपवाद एकच. जेवत नाही म्हणून एका बापानं बाईंच्या समोर मुलाच्या पाठीत धपाटा घातला. बाईंनी नर्सला पेलाभर दूध आणायला सांगितलं आणि ते त्या बापापुढे ठेवून प्या म्हणाल्या. आत्ताच जेवून आलोय, म्हणाला तो. बाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. त्यानं कसाबसा अर्धा पेला संपवला. मग बाईंनी शांतपणे विचारलं की, भूक नसताना कुणी डोक्यावर उभं राहून पाजलं तर कसं वाटतं. त्या माणसाची मान पुढची पाच मिनिटं वर झाली नाही.

बाईंचं सांगणं अगदी साधं असतं. काय शिजवायचं आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते लेकराला ठरवू द्यावं. मधल्या वेळेचं चरणं बंद करावं, म्हणजे भुकेला यायला जागा मिळते. नवी भाजी थोडीशी ताटात ठेवावी, पुन्हा पुन्हा ठेवावी आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढू नये. खाल्लं म्हणून चॉकलेट नाही, नाही खाल्लं म्हणून मार नाही. समोर मोबाईल धरून भरवलं तर लेकराला आपण काय खाल्लं याचा पत्ताच लागत नाही, असं त्या म्हणतात. हे सगळं सांगायला सोपं आहे. करायला किती अवघड, ते मी पिंगळीच्या सुनीताबाईंमुळे पाहिलं.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सुनीताबाई चार वर्षांच्या अनूला कडेवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि आल्या आल्याच म्हणाल्या, सलाईन लावा. अनू त्यांची मुलगी नव्हे, थोरल्या जावेची. थोरली जाऊ मंगलबाई आणि त्यांचे यजमान ऊसतोडीला गेले होते. आदल्या हंगामात अनू फडावर थंडीनं फार आजारी पडली होती, म्हणून या वेळी तिला धाकट्या जावेकडे ठेवलं होतं. आणि इथं आल्यापासून पोर जेवत नव्हती. सुनीताबाई वाटी घेऊन गल्लीभर तिच्यामागे हिंडत. हा काऊचा घास, हा चिऊचा घास, आणि पोर दातखीळ बसल्यासारखी.

“पाडव्याला जाऊबाई येतील,” सुनीताबाई म्हणाल्या. “लेकरू असं वाळकं दिसलं तर काय म्हनतील? सोताच्या लेकराला खाऊ घातलं न् माझीला उपाशी ठिवलं. मंग मी कुनाला तोंड दावू?”

बाईंनी अनूला तपासलं. वजन थोडं कमी होतं, पण उतरत नव्हतं. रक्त जरासं कमी भरलं, त्याचं औषध दिलं. सलाईन लावलं नाही, टॉनिकही दिलं नाही. चहा-बिस्किट आणि पुडे बंद करून जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या. सुनीताबाई नाराज होऊन गेल्या आणि थोड्याच दिवसांत अधिकच घाबरून परत आल्या. गल्लीतल्या बायका आता उघड बोलू लागल्या होत्या. कुणीतरी फोन करून फडावर कळवलंही होतं, की तुमची पोरगी सुकत चाललीय. मंगलबाई फोनवर रडल्या, त्यांचे यजमान सुनीताबाईंच्या नवऱ्याला नाही नाही ते बोलले. सख्ख्या भावांत बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

मला वाटलं, आता तरी बाई काहीतरी लिहून देतील. निदान घरच्यांचं समाधान व्हावं म्हणून तरी. बाईंनी सुनीताबाईंचा फोन मागून घेतला आणि थेट मंगलबाईंना लावला. अनूला काय होतंय ते सांगण्याआधी त्यांनी विचारलं की, तुमच्याकडे असताना ही कशी जेवायची?

फोन स्पीकरवर होता. मंगलबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, “कशी म्हंजे? आमी फडावरून आलो की जेवायला बसायचो. ती माझ्या ताटातलं उचलायची. मी काय तिला कदी भरवलं न्हाई, बाई. तेवढा वखत कुठं हाय?”

बाईंनी फोन ठेवला आणि सुनीताबाईंना विचारलं, अनू कुणाच्या ताटात जेवते? सुनीताबाई जरा अभिमानानंच म्हणाल्या, तिला वेगळं ताट हाय. नवं आणलंय, तिच्या नावाचं. सगळ्यांच्या आधी तिला वाढते, तूप-भाकरी तिला पहिली. आपल्या ताटात का नाही बसवत, असं बाईंनी विचारल्यावर सुनीताबाईंनी चटकन कानाला हात लावला. जावेचं लेकरू, त्याला आपलं उष्टं कसं द्यायचं? उद्या लोक म्हणतील, उष्ट्यावर वाढवलं.

आता माझ्या लक्षात आलं. बिचाऱ्या सुनीताबाईंनी मान राखण्याच्या नादात त्या पोरीला पाहुणी करून ठेवलं होतं. सगळ्यांच्या आधी, एकटी, चकचकीत ताटासमोर, आणि अख्खं घर तिच्या तोंडाकडे बघतंय. मीही त्या जागी जेवलो नसतो.

येत्या रविवारी मला तुमच्याकडे जेवायला बोलवा, बाई म्हणाल्या. रविवारी मी आणि बाई पिंगळीला गेलो. बाईंनी सगळ्यांना एकदम जेवायला बसवलं. अनूचं नवं ताट फळीवरच राहिलं, तिला सुनीताबाईंच्या शेजारी बसवलं. भाकरी, वरण, मेथीची भाजी. बाईंनी पहिला घास घेतला आणि सुनीताबाईंच्या नवऱ्याला हरभऱ्याचं पीक कसं आहे ते विचारलं. अनू कशालाच शिवली नाही. सुनीताबाईंचा हात दोनदा भाकरीचा तुकडा घेऊन तिच्या तोंडाकडे निघाला. दुसऱ्या वेळी बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“ती आज जेवणार नाही कदाचित,” बाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही जेवा. पाडव्यापर्यंत तुम्हीच तिची आई. आई जेवताना दिसू दे तिला.”

सुनीताबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण त्या जेवल्या. लेकरू उपाशी बसलेलं असताना, जगाची बोलणी डोक्यावर घेऊन, तिच्याकडे न बघता जेवल्या. याहून अवघड काम मी कुठल्या आईला करताना पाहिलेलं नाही. जेवणं संपत आली तेव्हा अनूनं त्यांच्या ताटातल्या भाकरीचा पापुद्रा ओढला आणि कुरतडत बसली. त्या दिवशी तेवढंच. परतताना मी बाईंना म्हणालो, थोडं का होईना, यश आलं. बाई म्हणाल्या, आता काही दिवस आणखी वाईट जातील, फोन आला तर धीर द्या. आणि तसंच झालं. फोन येत राहिले, मी धीर देत राहिलो, आणि खरं सांगायचं तर माझाच धीर कैकदा सुटला. बाईंचा सुटला नाही. हळूहळू फोन कमी झाले.

पाडव्यानंतर दोघी जावा अनूला घेऊन दवाखान्यात आल्या. मंगलबाईंचा चेहरा ताठरलेला होता. सुनीताबाई दाराशीच उभ्या राहिल्या, आत येईनात. बाईंनी अनूला काट्यावर उभं केलं. वजन छान वाढलं होतं. मी ते मोठ्यानं सांगितलं, पण कुणी हसलं नाही.

“वजन राहू द्या, बाई,” मंगलबाई म्हणाल्या. “काल जेवायला बसलो, तर ही माझ्याकडं आली न्हाई. जावेच्या ताटाशी जाऊन बसली.”

सुनीताबाईंनी मान खाली घातली. बाई मंगलबाईंकडे बघत राहिल्या.

“मंग मी बी उठले,” मंगलबाई म्हणाल्या, “न् तितंच जाऊन बसले. तिघींनी एकाच ताटात खाल्लं.”

एवढं बोलून त्यांनी मागे वळून धाकट्या जावेला हातानं आत ओढलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाईंनी अनूला काट्यावरून उतरवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दोन घरं तुटता तुटता वाचली होती आणि त्याचं श्रेय घ्यायला बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांना ते आवडत नाही. आज या लेखातून पडतो.

मागच्या आठवड्यात बाईंना भेटलो. अलीकडे गुडघे कुरकुरतात, म्हणून त्या दवाखान्यात सकाळीच बसतात. तब्येत कशी आहे, मी विचारलं. बाई म्हणाल्या, “भूक लागते.” डॉक्टर म्हणून मला याहून चांगली बातमी नको. बाईंना अशीच वेळच्या वेळी भूक लागत राहो, पंक्तीला माणसं असोत, आणि त्यांची शंभरी आम्ही सगळे त्यांच्याच घरी पोटभर जेवून साजरी करू.