उतारावरचा थांबा

मांडवीच्या राहीला मोटारीत बसलेलं पुढे कोणी पाहिलं नाही. पालीला लग्न असो की हातखंब्याला बारसं, सगळी आळी सर्व्हिस मोटारीत कोंबून जायची, आणि ही बाई पहाटेच भाकरीची पुरचुंडी घेऊन चालत सुटायची. ती पोहोचेपर्यंत तिकडे अक्षता पडून पहिली पंगतसुद्धा उठलेली असे. बायका थट्टा करायच्या, राही, मोटार चावते काय गो? ती हसायची नाही, रागवायचीही नाही. "चढावर नाय चावत. उतारावर चावते," एवढंच म्हणायची. मग बायका एकमेकींना डोळे घालायच्या. मेल्यांना काय ठाऊक!

तिची दुसरी खोड याहून वाईट. कोणाच्या घरी पाजत्या बाईपासून वाईट बातमी लपवून ठेवली आहे असं कानावर आलं, की ही तडक जाऊन सांगून यायची. कोणाचा भाऊ मुंबईत पटकीने गेलेला, कोणाची आई. घरचे धावून यायचे, शिव्यांची लाखोली वाहायचे. राही ओटीवरून खाली उतरायची आणि मुकाट घरी जायची. गावाने तिला अवदसा म्हटलं. म्हणेनात का. ही अवदसा कुठून आली ते गावाला नीट माहीत नव्हतं.

साल एकोणतीस. राहीचा नवरा दादू बोटीवर खलाशी. एकदा गेला की वर्षभर तोंड दाखवायचा नाही. घरात राही, सासू गंगुबाई आणि मैना. मैना राहीची लेक, दात यायला झालेली, अंगाने गुटगुटीत, डोक्यावरचं जावळ कायम उभं. राहीचं पोट त्याआधी दोनदा रिकामं झालेलं, म्हणून मैनेवर तिचा फार जीव. पोरगी शिंकली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. गंगुबाई मात्र खमकी. अर्ध्या मांडवीची सुईण ती. बाळंतिणीला काय द्यावं, काय देऊ नये, याबाबतीत तिच्या शब्दापुढे वैद्याचीही मात्रा चालत नसे.

त्याच श्रावणात गावातल्या यमुनाबाईंची लेक सावित्री माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला, पण अंगावर दूध आलं नाही. शतावरी झाली, अळिवाची खीर झाली, नवस झाले. गाईचं दूध पोर ओकून टाकी, डब्यातलं विलायती दूध तोंडातच घेईना. नुसती हाडं राहिली. शेवटी यमुनाबाईंनी गंगुबाईला बोलावणं धाडलं, आणि गंगुबाईने सुनेला म्हटलं, जा, पाजून ये, मैनेचं पिऊन उरतंय त्यात ते जगेल. राही गेली. तिने पदराखाली घेतलं मात्र, पोर असं चिकटलं की सुटेना. सावित्री भिंतीकडे तोंड करून रडत होती. तेव्हापासून राही रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागली. त्या घरात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, दूध मात्र चाललं. शास्त्र हे असं असतं. अडलं की खुंटीवर टांगून ठेवता येतं.

दिवाळी झाली आणि सावित्रीला सासरी, कोल्हापूरला जायची वेळ आली. आता बाळाचं काय? यमुनाबाई स्वतः मांडवीत आल्या, राहीच्या ओटीवर बसल्या. जन्मात त्या कधी या आळीत आल्या नव्हत्या. शिमग्यापर्यंत राहीला माझ्या लेकीबरोबर पाठवा म्हणाल्या, तोवर पोर मऊभात खायला लागेल. राही म्हणाली, मैनेला घेऊन जाते. तिथे गंगुबाईनेच मोडता घातला. एका छातीवर दोन पोरं नेलीस तर दोघंही अर्धपोटी राहतील. आपली मैना पेज खाते, माझ्याजवळ आहे, तिला काय धाड भरली? ते पोर मात्र तुझ्यावाचून जायचं.

राही मैनेला कडेवरून खाली ठेवेना. जायचं नव्हतं तिला. पण संध्याकाळी पाजायला गेली की ते पोर तिचं बोट मुठीत धरून झोपायचं, आणि घरी येताना तिचा पाय निघत नसे. जायच्या दिवशी तिने सासूला एकच विचारलं.

"शिमग्याला येईन तेव्हा मना ओळखील ना ती?"

पोर आईला वासावरून ओळखतं, जा तू, असं गंगुबाई म्हणाली. राहीने तेच धरून ठेवलं. पुढचे सगळे महिने तिला दुसरी कसली चिंता नव्हती. लेकीने ओळखावं, बस्स.

मोटार भाड्याची होती, हाकणारा मिरजोळ्याचा महिपत. पोरसवदा चेहऱ्याचा, बडबड्या, मनाने मऊ. पंधरवड्याला त्याची एखादी खेप कोल्हापूरला व्हायची. राही पहिल्यांदाच मोटारीत बसली होती. साखरपा मागे पडला आणि आंब्याचा घाट लागला तशी मोटार कण्हायला लागली. अर्ध्या घाटात एका मोठ्या वळणावर पुढून भसाभसा वाफ निघाली. महिपतने गाडी थांबवली, चाकाला धोंडा लावला, पुढचं झाकण उघडलं आणि डबा घेऊन झऱ्यावर गेला. ते वळण म्हणजे देखाव्याची जागा. येणारी-जाणारी मंडळी तिथे उतरायचीच. सावित्रीला न्यायला आलेले तिचे यजमान हात मागे बांधून कठड्याशी उभे राहिले आणि बायकोला डोंगरांची नावं सांगू लागले. खाली सगळं कोकण पसरलेलं, कार्तिकातलं लख्ख ऊन.

राहीला डोंगरांचं काय कौतुक! ती बाळाला घेऊन कडेला उभी होती. महिपत पाणी ओतून आला आणि त्याने बोट दाखवलं. त्या शेवटच्या डोंगराच्या वर उजेडाची रेघ दिसते ना वयनी, तो आपला दर्या. कोणी म्हणतात ते नुसतं धुकं असतं. असेना. राहीला तो दर्याच दिसला, आणि दर्याच्या काठाला मांडवी, मांडवीत ओटी, ओटीवर मैना. तिथे तिचा बांध फुटला. महिपत गडबडला. ती डोळे पुसत विचारू लागली, येताना पण हितं थांबायचं ना? तेव्हा तिला शांत करावं म्हणून तो हसला.

"येताना कशाला? चढावर गाडी तापते म्हणून थांबायचं. उतारावर तापत नाय, थांबा नाय. एकदम साखरप्याला. तुला घरची ओढ, गाडीला पण घरची ओढ."

राहीला हे फार आवडलं. कोल्हापुरात मोलकरणींनाही तिने ते सांगितलं. जाताना थांबा, येताना नाय.

कोल्हापुरात बाळ बाळसं धरू लागलं. गाल भरले, हसायला लागलं. सावित्री राहीला बहिणीसारखं वागवी, डिंकाचे लाडू स्वतः करून देई. दर पंधरवड्याला महिपत यायचा. गंगुबाईने दिलेली कोकमं नाहीतर सुकट राहीच्या हातात ठेवायचा आणि बातम्या सांगायचा. मैनेला खालचे दोन दात आले. मैना रांगत उंबऱ्यापर्यंत जाते. मैनेने मांजरीची शेपटी धरली, मांजरीने बोचकारलं, रडली नाही. राही एकेक बातमी चार-चारदा सांगायला लावायची. सावित्रीच्या जुन्या लुगड्याच्या काठाचं तिने लेकीसाठी झबलं शिवायला घेतलं होतं. माप बाळाच्या अंगावर घ्यायची आणि वर चार बोटं धरायची, कारण मैना बाळापेक्षा मोठी.

पौषात महिपत आला तो सुकट न घेता. मैना बरी हाय, म्हणाला, आणि गाडी पुसायला लागला. पुढच्या खेपेलाही तेच. राहीला वाटलं, सासूबाई पोरीच्या मागे धावून थकल्या असतील, सुकट कुठली बांधून देतायत! तिने महिपतला गाठलंच. उभी राहते का? हात सोडते का? पाऊल टाकते का? त्या बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, चालते की.

राही आधी हसली, मग तिथेच भुईवर बसून रडली. पोरीचं पहिलं पाऊल मना दिसलं नाय, म्हणाली. मग उठली आणि घरात सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. सावित्रीच्या हातावरही ठेवली. सावित्री मूठ मिटून माजघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

लपवाछपवी नको, इथेच सांगून टाकलेलं बरं. मैना तेव्हा या जगात नव्हती. पौषातच तापाने फणफणली आणि गेली. गंगुबाईने नातीला मांडीवर घेऊन जे जे येत होतं ते सगळं केलं, पण सुईणीची विद्या जन्माला घालण्याची, राखण्याची नव्हे. मातीआड करून आल्यावर म्हातारी उभ्याउभ्या मोटारींच्या अड्ड्यावर गेली आणि महिपतला म्हणाली, राहीला कळता नये. पाजत्या बाईला धक्का बसला की दूध आटतं. माझी गेलीच, आता ते परक्याचं पोर कशाला घालवू? असं म्हणाली आणि वळली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, असं महिपत सांगे. दगड नव्हती हो ती बाई. नातीचं मरण गिळून ती दुसऱ्याचा नातू वाचवायला बघत होती. तिला वाटलं हाच धर्म. महिपतने हे सावित्रीला सांगितलं आणि मग दोघंही त्या एका खोट्याच्या ओझ्याखाली वाकली. सावित्रीला कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण बाळाचं अंग हाताला भरलेलं लागे आणि जीभ उचलत नसे. आईच ती. कोणी तिला बोल लावावा?

शिमगा आला. बाळ मऊभात खाऊ लागलं होतं. सावित्री त्याला घेऊन माहेरी निघाली, राही बरोबर. झबल्याचा बेत राहीने कधीच मोडला होता. चालणाऱ्या पोरीला झबलं काय करायचं? तेच उसवून तिने त्याचा परकर केला होता, घोळाचा, खाली लाल काठ. तो मांडीवरच्या गाठोड्यात होता. मलकापूर सुटलं तशी तिची बडबड सुरू झाली. मी दारामागे लपून राहीन, म्हणाली, हाक मारीन आणि बघेन हाकेवर येते का. नाय आली तर रडायचं नाय. चार महिने म्हणजे पोरांना जन्म वाटतो. दोन दिवस जवळ घेतलं की वळखेल. सावित्री खिडकीबाहेर बघत होती. महिपतसारखा बडबड्या माणूस, पण तो मोटार हाकत होता आणि त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

घाटमाथा गेला, उतार लागला. मोटार भरभर उतरू लागली. राही पुढे वाकून बसली. मग ते मोठं वळण आलं, आणि महिपतने गाडी थांबवली.

तो उतरला. चाकाला धोंडा लावला. झाकण उघडलं नाही, डबा घेतला नाही. कठड्याशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"तापली काय रं?" राहीने विचारलं. राही बाळाला सावित्रीकडे देऊन खाली उतरली, गाडीच्या पुढे गेली, हात लावून बघितलं. पत्रा कोमट होता.

"उतारावर थांबा नाय म्हणालेलास."

महिपतची पाठ हलायला लागली. राहीने वळून सावित्रीकडे पाहिलं. घरच्या दारात, लोकांच्या घोळक्यात तिला कळू नये म्हणून सावित्रीनेच मलकापुरात त्याला इथे थांबायला सांगितलं होतं. काय बोलायचं ते तिने वाटभर मनात जुळवलं होतं. त्यातला एक शब्द तिला आठवेना. ती नुसती हुंदके देत राहिली.

"कधी?" राही म्हणाली.

"पौषात," महिपत न वळता म्हणाला.

राही महिपतजवळ गेली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे चालली नाय ती?"

"नाय वयनी," महिपत म्हणाला. "उभी पण नाय राहिली."

राही कठड्याच्या दगडावर बसली. समोर फाल्गुनातला धुरकट उन्हाळा होता. डोंगर पुसट, दर्या कुठे दिसत नव्हता. ती रडली नाही. हाताने दगडावरची माती झाडत बसली, जणू कोणाला बसायला जागा करत होती. गाडीत बाळ जागं झालं आणि रडू लागलं. सावित्रीने थोपटलं, बोंडल्याने पाणी पाजून बघितलं. पोराने राहीच्या दिशेने हात पसरले आणि टाहो फोडला. आणि राहीची चोळी भिजली. तिने खाली आपल्या छातीकडे पाहिलं. स्वतःचीच छाती, पण इतका राग तिला कधी कोणाचा आला नसेल.

मग ती उठली, गाडीपाशी गेली, पोराला घेतलं आणि पदराखाली लावलं. पोर हुंदके देत देत पिऊ लागलं. सावित्रीने तिचे पाय धरले. तुझ्या सासूनेच सांगितलं गं, म्हणाली, कळलं तर दूध आटेल, म्हणून...

राहीने पदर बाजूला केला. बाळ पीत होतं, ओठाच्या कडेने दूध ओघळत होतं.

"बघा ताई," ती म्हणाली. "कुठे आटलं?"

पोराचं पोट भरेपर्यंत ती उभी राहिली. त्याला सावित्रीच्या मांडीवर दिलं, आपलं गाठोडं घेतलं आणि घाट उतरू लागली. महिपत साखरप्यापर्यंत तिच्या मागून मोटार हळूहळू आणत होता. बस गो वयनी, बस, म्हणत होता. ती बसली नाही.