काचेच्या अलीकडचं बोट

आमच्या गावच्या शाळेत बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा आलाय. "मुलं स्वतः हाताळून शिकतात," मुख्याध्यापक अभिमानाने सांगत होते. काचेवर एकाही बोटाचा ठसा नव्हता. आमच्या जुन्या फळ्याखाली निदान खडूची भुकटी तरी सांडलेली असायची. शिकणाऱ्या हाताचा डाग कुठेतरी पडतोच.

पुढच्या बाकावरच्या मुलीला मी म्हटलं, "ये, काढ काहीतरी."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. सर ओरडतात."

मुख्याध्यापक ओशाळून हसले. निघावं म्हणून वेळ बघायला मी खिशातून मोबाइल काढला मात्र, ती पळत फळ्यापाशी गेली. बंद फळ्याच्या काचेला लागणार नाही इतकं अलीकडे तिने बोट धरलं आणि मोबाइलकडे बघून गोड हसली.

शिकवलेलं तिला चोख येत होतं.